खंडित स्मृतीचा स्वाध्याय : आयरिश पुराणकथा आणि आजचे द्रुइड



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्याजवळ मी चार वर्षे इतिहास शिकलो. ज्या सभागृहात त्यांनी मला एकदा उभे केले होते, त्याच सभागृहात आज आपण मला बोलावयास उभे केले आहे. त्या पहिल्या प्रसंगाविषयी मी शेवटी बोलेन. आरंभी विषयाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बेळगावातील मराठी शाळेत आयर्लंडच्या पुराणकथांचे काय प्रयोजन, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलीकडे आयर्लंडला गेलो होतो. बॉइन नदीच्या काठी असलेल्या त्या लहानशा गावात शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री त्यांनी आम्हांस घरी बोलाविले. ती रात्र ‘साउइन’ या जुन्या सणाची. खिडकीत मेणबत्ती होती, मेजावर पाव व सफरचंदे होती आणि सात-आठ माणसे बसली होती. बाई हाती पुस्तक न घेता एक कथा सांगू लागल्या. मध्येच त्यांना पुढचे आठवेना. कोणी सुचविले नाही, कोणी हसले नाही. सगळे स्वस्थ बसून राहिले आणि दोनेक मिनिटांनी कथा पुढे सुरू झाली. नंतर चहा घेताना बाई म्हणाल्या, ‘‘मी द्रुइड मार्गाची अभ्यासक आहे. कथा पाठ करणे हीच माझी उपासना.’’

इतिहासाचा शिक्षक असल्याने माझ्या मनात लगेच शंका आली. प्राचीन द्रुइडांचा संप्रदाय लोप पावून दीड हजार वर्षे होत आली. मग हे द्रुइड कोण? आणि ज्यांच्या गुरूंनी एक अक्षरही लिहून ठेविले नाही, ते अभ्यास कशाचा करतात? आजचे व्याख्यान म्हणजे या दोन प्रश्नांचा मी घेतलेला मागोवा आहे.

१. मौन पाळणारे गुरू

द्रुइडांविषयीची सर्वांत विस्तृत माहिती त्यांच्या शत्रूने दिली आहे. इ. स. पूर्व ५८ पासून गॉल प्रांतावर, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भूमीवर, स्वारी करणाऱ्या ज्यूलियस सीझरने आपल्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या खंडात त्यांचे वर्णन केले. ते यज्ञकर्म पाहत, तंटे मिटवीत आणि तरुणांना शिकवीत. काही शिष्य वीस-वीस वर्षे पद्ये मुखोद्गत करीत. इतर व्यवहारांत ग्रीक लिपी वापरणारे हे लोक आपली विद्या मात्र लिहीत नसत. सीझरने याची दोन कारणे अनुमानिली आहेत : विद्या सामान्यजनांत पसरू नये हे एक, आणि लेखनावर विसंबले की स्मरणशक्ती शिथिल होते हे दुसरे. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो अशी त्यांची शिकवण होती, असेही तो नोंदवितो.

हे ऐकताच आपल्याला वेदपाठशाळा आठवेल. घोकंपट्टीची ती शिस्त आपल्याकडे पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी बांधली गेली आणि तिची साखळी तुटली नाही. द्रुइडांची तुटली. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस याने मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, चाल करून त्यांची पवित्र वने तोडली. टॅसिटसने त्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. तिबेरियस व क्लॉडियस या सम्राटांच्या काळात गॉलमधील द्रुइड दडपले गेले. जे पाठांतरावर जगत होते ते पाठक गेले आणि त्यांच्याबरोबर पाठही गेला. गॉल आणि ब्रिटन येथील द्रुइडांचा एकही मंत्र आज कोणाला ठाऊक नाही.

‘द्रुइड’ हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा निघतो. भाषाशास्त्रज्ञ त्याची फोड ‘द्रु’ आणि ‘विद्’ अशी करतात. पहिला घटक आपल्या ‘द्रुम’ व ‘दारु’ यांच्या कुळातला, दुसरा ‘वेद’ या शब्दाच्या कुळातला. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. द्रुइड म्हणजे द्रविड, किंवा द्रुइड हे येथून गेलेले ब्राह्मणच, अशी विधाने मी आपल्याकडील सभांतून ऐकली आहेत. इंग्लंडात गॉडफ्रे हिगिन्स यांनी १८२० च्या दशकात असाच एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो आज कोणी प्रमाण मानीत नाही. फ्रान्झ बॉप यांनी १८३८ मध्ये केल्टिक भाषांचे संस्कृतशी असलेले नाते मांडले, ते एकाच आद्य भाषेच्या दूरच्या लेकींचे नाते आहे. नाते आहे म्हणून कोणी कोणाकडून गेले असे ठरत नाही.

२. नवे द्रुइड

मधल्या शतकांत द्रुइड हे केवळ पुस्तकांतील नाव उरले. सतराव्या शतकात जॉन ऑब्री यांनी आणि अठराव्या शतकात विल्यम स्टकली यांनी स्टोनहेंजचा संबंध द्रुइडांशी जोडला. वास्तविक ती शिळावर्तुळे द्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाहून दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत. १७८१ मध्ये लंडनमध्ये द्रुइडांच्या नावाचे एक मित्रमंडळ निघाले. १७९२ मध्ये वेल्सचा गवंडी-कवी एडवर्ड विल्यम्स, टोपणनाव इओलो मॉर्गनुग, याने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर दगडांचे वर्तुळ मांडून ‘प्राचीन’ कविसंमेलन भरविले. त्याने दाखविलेली पुष्कळशी जुनी हस्तलिखिते त्याने स्वतःच रचली होती, हे विसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध झाले.

पुढची कथा शिक्षणसंस्थांतील आहे म्हणून आपल्याला रुचेल. १९६३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कार्लटन महाविद्यालयाचा नियम होता की विद्यार्थ्यांनी धार्मिक उपासनेस हजर राहिलेच पाहिजे. काही विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून स्वतःचाच एक द्रुइड पंथ काढला. दुसऱ्या वर्षी नियम रद्द झाला, परंतु थट्टेत सुरू झालेली उपासना काहींना सोडवेना. त्यांच्याच परंपरेतील आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ मध्ये नवी संस्था काढली. इकडे इंग्लंडात कवी व शिक्षक रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये बार्ड, ओव्हेट आणि द्रुइड अशा तीन पायऱ्यांचा संघ स्थापिला. १९८८ पासून फिलिप कार-गॉम यांच्या नेतृत्वाखाली त्याचा पत्रद्वारा चालणारा अभ्यासक्रम अनेक देशांत पोहोचला. २०१० मध्ये इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने ‘द्रुइड नेटवर्क’ या संस्थेस धार्मिक कार्यासाठी मान्यता दिली.

म्हणजे हा मार्ग नवा आहे. शेजारच्या बाईंना मी हे काहीशा परीक्षकाच्या सुरात ऐकविले. त्यांना ते सर्व ठाऊक होते. इतिहासकार रॉनल्ड हटन यांचा २००९ चा ‘ब्लड अँड मिसलटो’ हा ग्रंथ, ज्यात द्रुइडविषयक कल्पनांची कठोर छाननी आहे, तो त्यांच्या फळीवर होता आणि त्यात जागोजाग खुणेचे कागद घातलेले होते. आपल्या उपासनेच्या वंशावळीतील खोटे दस्तऐवज शांतपणे वाचणारी उपासक स्त्री मी प्रथमच पाहत होतो.

३. आयर्लंडच का?

रोमन सैन्याने आयर्लंड जिंकले नाही. पाचव्या शतकात तेथे ख्रिस्ती धर्म आला, त्याबरोबर लॅटिन लिपी आली, आणि मठांतील भिक्षूंनी लॅटिनबरोबर आपली मातृभाषाही लिहावयास घेतली. त्यामुळे पश्चिम युरोपातील फार मोठे व फार जुने देशी भाषेतील साहित्य आयरिशमध्ये टिकले. ज्यांनी द्रुइडांना हटविले त्यांच्याच लेखणीतून द्रुइडांच्या गोष्टी उतरल्या. आजच्या द्रुइडांना आयरिश कथांकडे वळावे लागते ते यासाठी.

‘लेबोर ना हुइद्रे’, म्हणजे तपकिरी गाईची पोथी, ही डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहे. तिचा एक लेखक मेल मुइरे ११०६ मध्ये क्लोनमॅकनॉइसच्या मठात लुटारूंच्या हातून मारला गेला, म्हणून पोथीचा काळ निश्चित करता येतो. दुसरी महत्त्वाची पोथी लेन्स्टरची, बाराव्या शतकातली. तीत ‘टॉइन’, म्हणजे कूलीच्या वृषभासाठी झालेले गोहरण, हे महाकथानक आहे. विराटपर्वातील गोग्रहण ऐकून वाढलेल्यांना त्यातील वातावरण परके वाटणार नाही : राणी मेव्ह सैन्य घेऊन येते आणि सतरा वर्षांचा कुहुलिन एकटा सीमा राखतो.

या पोथीच्या शेवटी लेखकाने दोन टिपा लिहिल्या आहेत. आयरिश भाषेतील टिपेत, जो ही कथा आहे तशी, दुसरे रूप न देता मुखोद्गत करील त्याला तो आशीर्वाद देतो. लगेच पुढे लॅटिनमध्ये लिहितो की, या कथेतील पुष्कळ गोष्टींवर आपला विश्वास नाही; काही सैतानाची माया आहेत, काही कविकल्पना आहेत, काही संभवनीय तर काही असंभव आहेत आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. मातृभाषेत आशीर्वाद, विद्वत्तेच्या भाषेत अविश्वास! मला त्या भिक्षूविषयी फार आपुलकी वाटते. इंग्रजी शाळा शिकलेल्या आपल्या किती पिढ्यांनी घरी एक आणि बाहेर एक असेच लिहिले असेल.

येथेच अभ्यासाची खरी अडचण आहे. ही देवांची कथा, की देवांना माणसे करून ठेवलेली भिक्षूंची कथा? अकराव्या शतकातील ‘लेबोर गबाला’ या ग्रंथात प्राचीन देवगण ‘टूअहा डे डानन’ हे आयर्लंडवर चालून आलेल्या अनेक टोळ्यांपैकी एक ठरतात आणि बायबलच्या कालक्रमात बसविले जातात. प्रामाणिक अभ्यासक एका कथेच्या दोन-तीन पाठांची तुलना करतो, जोडलेला भाग ओळखतो आणि लेडी ग्रेगरी यांनी १९०२ व १९०४ मध्ये इंग्रजीत आणलेल्या सुबक कथनांवर थांबत नाही. तसेच त्याला मान्य करावे लागते की जुन्या आयरिश ग्रंथांत साउइन, इंबोल्क, बेल्टेन व लूनासा असे चारच ऋतुसण ठळक आहेत. आज सर्वत्र पाळले जाणारे आठ सणांचे वर्षचक्र विसाव्या शतकाच्या मध्यास जुळविलेले आहे.

४. उजवी बाजू

बाईंनी त्या रात्री सांगितलेली कथा बोअन हिची होती. नेक्तनची एक विहीर होती, ज्ञानाची. तिच्याजवळ मोजक्याच लोकांनी जावयाचे. बोअनने तो निषेध मोडला आणि विहिरीभोवती डाव्या बाजूने फेरे घातले. पाणी उसळले, त्याने तिचा एक डोळा, एक हात, एक मांडी नेली आणि ती समुद्राकडे धावली तेव्हा मागून आलेला प्रवाह बॉइन नदी झाला. बोअन हे नाव ‘श्वेत गाय’ अशा अर्थाचे असून त्यातील पहिला घटक आपल्या ‘गो’ शब्दाचा सोयरा आहे.

डाव्या बाजूने का? जुन्या आयरिशमध्ये ‘देस्’ म्हणजे उजवा, आणि ‘देस्’ म्हणजेच दक्षिण. संस्कृतात ‘दक्षिण’ या एका शब्दाचे हेच दोन अर्थ आहेत आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाने दिशांना नावे दिली, म्हणून उजवा हात दक्षिणेस आला. सूर्याच्या मार्गाने, उजवा हात मध्याकडे ठेवून फिरणे हे आयर्लंडात शुभ. आपण त्यास प्रदक्षिणा म्हणतो. कर्जदाराच्या दारी उपाशी बसून येणे वसूल करण्याची जुन्या आयरिश कायद्यातील रीतही अशीच ओळखीची वाटते; हेन्री मेन यांनी १८७५ मध्येच तिची तुलना आपल्या धरण्याशी केली होती.

या अभ्यासाचा एक धागा प्रत्यक्ष हिंदुस्थानातून गेला आहे. व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे कायदेपंडित १८६२ मध्ये मद्रासला आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचे कायदा-सदस्य होते. दिवसा हिंदुस्थानचे कायदे आणि उरल्या वेळात जुनी आयरिश, असा त्यांचा क्रम होता. इ. स. ९०० च्या सुमारास रचलेला ‘कॉर्मॅकचा शब्दकोश’ त्यांनी १८६८ मध्ये कलकत्त्याला छापून प्रसिद्ध केला. ब्रिजिड ही कवींची आराध्य देवता होती आणि वैद्यक व लोहारकाम यांच्या अधिष्ठात्री तिच्या बहिणी होत्या, हे सांगणारी नोंद त्याच कोशातली. ब्रिजिड ही पुढे संत म्हणूनही पूजिली गेली. किल्डेअर येथील तिच्या अखंड ज्योतीचे वर्णन बाराव्या शतकात झाले होते; ती ज्योत १९९३ मध्ये तेथील ख्रिस्ती भगिनींनी पुन्हा पेटविली आणि २०२३ पासून तिच्या दिवसाची आयर्लंडात सार्वजनिक सुटी असते. आजचा द्रुइड तिच्यापुढे दिवा लावतो तेव्हा तिची ओळख पटविणाऱ्या पुराव्याचे एक पान कलकत्त्याच्या छापखान्यातून आलेले असते.

उलट दिशेनेही एक धागा आहे. कवी येट्स यांनी १८९० च्या दशकात आयरिश देवतांवर आधारलेल्या एका साधकमंडळाची योजना आखली होती, आणि लॉक की सरोवरातील बेटावरचा वाडा त्यासाठी हेरून ठेविला होता. ती सिद्धीस गेली नाही. उतारवयात त्यांची मैत्री विदर्भात जन्मलेल्या पुरोहित स्वामींशी झाली. स्वामींनी आपले गुरू हंस यांचा कैलासयात्रेचा वृत्तांत मराठीतून इंग्रजीत नेला, तो १९३४ मध्ये येट्स यांच्या प्रस्तावनेसह निघाला; १९३७ मध्ये दोघांनी मिळून दहा उपनिषदांचे भाषांतर प्रसिद्ध केले. स्वतःची तुटलेली परंपरा शोधणारा कवी न तुटलेल्या परंपरेकडे ओढला गेला, असे मला वाटते.

५. एका वहीचे पान

बाईंना मी विचारले, ‘‘हे सगळे जुळविलेले आहे हे ठाऊक असूनही आपण हे का करता?’’ त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या.

त्या कागदाचा इतिहास असा. १८३१ पासून आयर्लंडात सरकारी शाळा निघाल्या आणि त्यांची भाषा इंग्रजी होती. मुलांच्या गळ्यात काठी बांधीत, आयरिश शब्द उच्चारला की तीवर खाच पाडीत आणि संध्याकाळी खाचा मोजून शिक्षा करीत; पुष्कळदा आईबापांच्या संमतीने. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. भाषा गरिबीची खूण ठरली आणि भाषेबरोबर कथाही लाजेची वस्तू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९३५ मध्ये, लोकविद्या आयोग स्थापन झाला. त्याने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांना एक काम दिले : घरातील व शेजारच्या वृद्धांना विचारा आणि वहीत लिहा. सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांवर मुलांनी ते केले. सुमारे सात लाख चाळीस हजार पाने जमली. आयोगाच्या संग्रहास २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत स्थान मिळाले. आज ती पाने संगणकावर कोणालाही पाहता येतात.

बाईंच्या हातातील कागद हा त्यांच्या आईने बारा वर्षांची असताना लिहिलेल्या पानाची प्रत होता. गावाजवळच्या विहिरीला लोक सूर्याच्या वाटेने फेरे घालतात, उलट कधीही घालू नये, असे तीत लिहिले होते आणि खाली सांगणाराचे नाव होते : तिच्या आईचे. ‘‘माझ्या आईने मला हे कधी सांगितले नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिला वाटे, मी मागासलेली दिसेन. ती गेल्यावर मला हे पान सापडले. मी वाचते ते हजार वर्षांपूर्वीचे आहे की नाही याची मला फार चिंता नाही. आजी जाणत होती आणि मी जाणत नव्हते, एवढे मला भरून काढायचे आहे.’’

आता मी त्या पहिल्या प्रसंगाकडे येतो. आम्ही आठवीत असताना गुरुजींनी दिवाळीच्या सुटीत असेच काम दिले होते : आजीला विचारून एक कथा लिहून आणा. माझ्या आजीची मराठी कानडी हेलाची होती. तिच्या कहाण्यांत अर्धे शब्द कानडी असत. तसले शब्द वहीत लिहिणे मला कमीपणाचे वाटले. मी एका छापील पुस्तकातून कथा उतरविली आणि या सभागृहात मोठ्याने वाचून दाखविली. गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘हे पुस्तकातले झाले. आजीचे उद्या आण.’’ तो उद्या मी पुढे ढकलीत गेलो. त्या उन्हाळ्यात आजी वारली. देवळाच्या मागे असलेल्या विहिरीची एक कहाणी ती सांगत असे. तिची सुरुवात मला आठवते, शेवट आठवत नाही.

आयरिश पोथ्यांत एक लहानशी कथा आहे. एके काळी आयर्लंडच्या कवींना गोहरणाची कथा पूर्ण येईनाशी झाली, कारण एका विद्वानाने ती देऊन त्या बदल्यात परदेशी विद्येचा एक बडा ग्रंथ घेतला होता. प्रमुख कवी सेनखान याने शिष्यांना शोधास धाडले. त्याचा मुलगा मुर्गेन वाटेत एका थडग्याशी बसला. ते फर्गसचे थडगे होते. फर्गस त्या कथेतीलच एक वीर. तीन दिवस धुके दाटले, धुक्यातून फर्गस उठून आला आणि त्याने अथपासून इतिपर्यंत सारी कथा सांगितली.

इतिहासकार म्हणून मला ठाऊक आहे की थडगी बोलत नाहीत. आजचे द्रुइड अशाच एका थडग्यापाशी बसले आहेत. त्यांना मिळते त्यात थोडे जुने असते, थोडे भिक्षूंचे, थोडे स्वतःचे. कोणते कोणाचे हे ओळखण्याची शिस्त त्यांच्यातील चांगल्या अभ्यासकांनी पत्करली आहे, म्हणून मी त्यांचा आदर करतो. मात्र त्यांना थडग्याशी बसावे लागले. आपली परिस्थिती अद्याप तशी नाही. या सभागृहात बसलेल्या मुलांच्या घरी आज्या आहेत. त्यांच्या बोलीत कानडी आहे, कोकणी आहे, उर्दूचे शब्द आहेत. तीच या सीमेवरची मराठी आहे आणि ती तशीच लिहिली पाहिजे.

म्हणून संस्थाचालकांस माझी विनंती आहे की, या वर्षीपासून आठवीच्या मुलांना गुरुजींचे ते काम पुन्हा द्यावे. वह्या जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक पानाखाली सांगणाराचे नाव लिहावे. पहिल्या वर्षीच्या वह्यांचा आणि कपाटाचा खर्च मी आनंदाने उचलीन. पन्नास वर्षे उशिरा का होईना, गुरुजींचा तो ‘उद्या’ एवढ्याने तरी उजाडेल.